‘अरे’ला ‘का रे’ करणारी पॉवर: सुपरहिरो गेममध्ये पलटवार कसा बांधायचा

एका जीएमचा, म्हणजे गेम चालवणाऱ्याचा, प्रश्न थोडक्यात असा आहे. म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स (टेबलावर फासे टाकून खेळायचा सुपरहिरोंचा रोलप्लेइंग गेम), तिसरी एडिशन, पॉवर लेव्हल (हिरोंच्या ताकदीची पातळी) १०, चार प्लेअर. त्यातल्या एकीची हिरोईन आहे पडसाद. तिला बसलेला फटका तिच्या अंगात घंटेसारखा घुमतो आणि मारणाऱ्याकडे परत जातो. जीएमने नियम केला की जेवढ्या रँकचा (रँक म्हणजे पॉवरचा जोर) मार बसेल तेवढ्याच रँकचा आपोआप परत जाणार. पहिल्या मोठ्या फाइटमध्ये मेन व्हिलन तिला मारता मारता तिसऱ्या राउंडला स्वतःच आडवा झाला आणि बाकीचे तिघं नुसते बघत बसले. पुढच्या सेशनला जीएमने सगळ्या व्हिलनना तिच्यापासून लांब ठेवलं, तर तिची प्लेअर नाराज, की पॉवर विकत घ्यायला घातलेले माझे पॉइंट फुकट गेले. आता ही पॉवर काढायची की दुरुस्त करायची, आणि करायची तर कशी?

काढू नका, आधीच सांगतो. मी बरीच वर्षं सुपरहिरो गेम चालवतोय आणि ‘मला हात लावशील तर पस्तावशील’ ही जी इच्छा आहे ना ती प्लेअरच्या सगळ्यात प्रामाणिक इच्छांपैकी एक आहे. बाकी पॉवर म्हणजे मी काय करतो, ही पॉवर म्हणजे मी कोण आहे. मार खाऊन उभं राहणारं कॅरेक्टर मागणारा प्लेअर तुमच्या टेबलावर मार खायला स्वतःहून तयार आहे, असा प्लेअर जपायचा असतो.

तुमचं चुकलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे पलटवाराचा आकडा तुम्ही समोरच्याच्या हातात दिलात. आणि दुसरं, पलटवार कशामुळे सुरू होतो हे नीट न ठरवता फक्त किती लागतो हे ठरवलंत. माझं म्हणणं हेच आहे की पलटवाराच्या पॉवरमध्ये आकडा दुय्यम असतो, ट्रिगर हीच खरी पॉवर. पण आकड्याचं आधी उरकून घेऊ कारण तिथे गणित सरळ आहे.

या गेममध्ये तोल कसा राखलाय बघा. अटॅक बोनस (नेम) अधिक डॅमेज रँक (माराचा जोर) यांची बेरीज पॉवर लेव्हलच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे लेव्हल १० ला २०. तसंच पॅरी किंवा डॉज (वार चुकवणं) अधिक टफनेस (मार सोसणं) हेही २०. म्हणजे जोरात मारणाऱ्याचा वार कमी वेळा लागतो आणि चपळ माणूस नाजूक असतो. आता तुमचा व्हिलन लेव्हल १३ चा धरा, अटॅक १०, डॅमेज १६, टफनेस १३, बेरजेत एकदम नियमात. त्याने पडसादला मारलं, १६ रँक परत आला, तोही अटॅक रोल न करता. टफनेसचा डीसी (फासा आणि टफनेस मिळून गाठायचा आकडा) १५ अधिक १६ म्हणजे ३१, त्याला डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, १८ किंवा जास्त पाहिजे, म्हणजे शंभरातले १५ चान्स. १ किंवा २ पडला तर सरळ बेशुद्ध. वरून प्रत्येक फेल झालेल्या रोलनंतर पुढच्या टफनेसला उणे १. त्याने १६ रँक घेतला त्याची किंमत त्याने अटॅक बोनस कमी ठेवून मोजली होती, तुमच्या पडसादला मात्र तो १६ फुकटात आणि नेम न धरता मिळाला. तिसऱ्या राउंडला तो पडला यात नवल काहीच नाही, उलट दुसऱ्यालाच कसा नाही पडला असं मला वाटलं.

आणि ही गोष्ट फक्त बॉसपुरती नाही. चपळ व्हिलन घ्या, पॅरी १४, टफनेस ६. त्याने पॉइंट कशावर घातलेत, तर मार न लागण्यावर. पण स्वतःहून तुम्हाला हात लावल्यावर तो काय चुकवणार? रँक १० चा आपोआप लागणारा पलटवार म्हणजे डीसी २५, त्याला १९ किंवा २० पाहिजे. त्याची विकत घेतलेली अर्धी सुरक्षा तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलीत. उलट अंगाने दांडगा, पॅरी ६ टफनेस १४ वाला, त्याच पलटवारातून निम्म्या वेळा सहीसलामत सुटतो. म्हणून मी आपोआप लागणारा पलटवार नेहमी लेव्हलच्या निम्म्याने ठेवतो. लेव्हल १० ला रँक ५. मग डीसी २०, चपळवाला १४ किंवा जास्त आला की वाचतो (३५ टक्के), साधारण टफनेस १० वाला ५५ टक्के, दांडगा ७५ टक्के. पुस्तक पूर्ण रँक १० घ्यायला परवानगी देतं. मी देत नाही.

किमतीचं पण बघा. पुस्तकात ‘एनर्जी ऑरा’ नावाने तयार पॉवर आहे, म्हणजे रिअॅक्शनने (दुसऱ्याने काही केलं की लगेच, आपल्या टर्नची वाट न बघता) चालणारं डॅमेज, रँकला ४ पॉइंट. साधं डॅमेज रँकला १ असतं, ते रिअॅक्शनवर आणायचे ३ जास्त. रँक १० घेतला तर ४० पॉइंट, आणि लेव्हल १० च्या हिरोकडे एकूण असतात १५०. चौथ्या भागापेक्षा जास्त पैसा अशा गोष्टीत जिचं बटण समोरच्याच्या हातात आहे. व्हिलनने हात लावला नाही तर पॉवर नाही. तुमच्या प्लेअरची नाराजी इथून आलीये आणि ती शंभर टक्के बरोबर आहे.

वेगवेगळ्या गेममध्ये एकच कल्पना किती वेगळी वागते हे माहीत असलं तर आपल्या टेबलावर काय होईल ते आधी कळतं, म्हणून थोडं विषयांतर करतो. १९८१ साली आलेल्या चॅम्पियन्सपासून जी हिरो सिस्टिम वाढली तिच्यात डिफेन्स डॅमेजमधून वजा होतं. ६ फाशांचा ब्लास्ट सरासरी २१ स्टन (बेशुद्धीकडे नेणारा मार) देतो, समोरच्याचं डिफेन्स २० असेल तर आत जाणार १. तेच ९ फासे केले तर सरासरी साडेएकतीस, आत जाणार अकराबारा. म्हणजे तिथे लहान पलटवार नुसता दिखाऊ आणि थोडा मोठा केला की एकदम चावतो, मधली पायरी फार अरुंद आहे. २००९ च्या सहाव्या एडिशनमध्ये त्या ६ फाशांच्या ३० पॉइंटच्या ब्लास्टला कॉन्स्टंट (अर्धी किंमत जास्त) आणि अंगाभोवतीचा सर्फेस (पाव जास्त) लावून डॅमेज शील्ड केलं की ते ५२ च्या आसपास जातं, आणि मग एवढे पॉइंट घालून व्हिलनला १ स्टन लागताना बघणारा प्लेअर काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको. तिथे मी डॅमेजऐवजी चकवणं, ढकलणं, डोळे दिपवणं असलं काहीतरी परत जाऊ देतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स सुपरहिरोचा गेम नाही पण पलटवाराचे नमुने तिथले अभ्यासण्यासारखे आहेत. तिथे हिट पॉइंट असल्यामुळे छोटा मार कधीच वाया जात नाही, थेंबे थेंबे तळे साचते. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये हेलिश रिब्यूक हा स्पेल रिअॅक्शन खातो, म्हणजे राउंडला एकदाच, ६० फुटांपर्यंत पोचतो, २ डी१० (दहा बाजूंचे दोन फासे) डॅमेज, आणि डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बचावाचा रोल जमला तर निम्मं. फायर शील्ड रिअॅक्शन खात नाही, ५ फुटांच्या आतून मारणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक वेळी २ डी८, पण फक्त जवळून मारलं तर. बघा, एकाने लांबी दिली आणि संख्या काढून घेतली, दुसऱ्याने संख्या दिली आणि लांबी काढून घेतली. आणि मला सगळ्यात आवडणारा म्हणजे आर्मर ऑफ अगाथिस. ५ तात्पुरते हिट पॉइंट, आणि ते शिल्लक आहेत तोवर जवळून मारणाऱ्याला ५ थंडीचं डॅमेज. ढाल आणि काटा एकच वस्तू आहे, मार खाल्ला की ढाल झिजते आणि ढाल संपली की काटाही संपतो. कोणीही न सांगता त्यात सुरुवात, मध्य आणि शेवट येतो.

आता ट्रिगर. इथे घाई करू नका, प्लेअरबरोबर बसा आणि एकेक गोष्ट विचारा.

पहिलं, नक्की कशावर सुरू होतं? मारायचा प्रयत्न झाला की, फटका लागला की, की फटक्याने इजा झाली की? ऐकायला फरक बारीक आहे पण टेबलावर तीन वेगळी कॅरेक्टर तयार होतात. प्रयत्नावर सुरू होणारा पलटवार हा खरा तर तलवारबाजाचा, समोरच्याचा तोल गेला आणि याने टोचलं, तो चपळ माणसाला शोभतो. फटका लागल्यावर सुरू होणारा हा आगीच्या, विजेच्या, काट्यांच्या अंगाचा. आणि इजा झाल्यावरच सुरू होणारा, म्हणजे पडसादने स्वतःचा टफनेस रोल फेल केला तरच, हा सगळ्यात नाट्यमय, कारण मग ढाल जेवढी जाड तेवढी पॉवर कमी चालते आणि प्लेअरला दर वेळी दुखणं हवंसं वाटायला लागतं. पण त्यात एक अडचण आहे, प्लेअर मुद्दाम टफनेस कमी ठेवते, मग लवकर बेशुद्ध पडते, आणि बेशुद्ध कॅरेक्टरची प्लेअर तासभर मोबाइल बघत बसते. म्हणून मी मधला घेतो, फटका लागला की.

दुसरं, कुठून? हाताने, पायाने मारलं तर हो. काठीने? लांब भाल्याने? चाबकाने? फेकलेल्या गाडीने? लेझरने? प्लेअर म्हणणार सगळ्याने. तिथे ठाम राहा, कारण लांबून मारणं हीच या पॉवरची नैसर्गिक पळवाट आहे आणि पळवाट नसलेली ढाल कंटाळवाणी असते. पण हातात धरलेली वस्तू मात्र चालू द्या, नाहीतर दुसऱ्या सेशनपासून प्रत्येक गुंडाच्या हातात लोखंडी पाइप यायला लागतो, आणि तो पाइप गुंडाने नाही, तुम्ही आणलेला असतो, हे प्लेअरला लगेच कळतं.

तिसरं, किती वेळा? म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्ये रिअॅक्शनला राउंडची मर्यादा नाही, कारण घडेल तितक्या वेळा ती चालते. एकट्या बॉससमोर हे ठीक, पण मिनियनची (किरकोळ गुंडांची) टोळी आली की काय होतं बघा. मिनियन टफनेसचा रोल फेल झाला की त्याला थेट सगळ्यात वाईट निकाल लागतो, म्हणजे गारद. टफनेस ४ चा गुंड, पलटवार रँक ५, डीसी २०, त्याला १६ पाहिजे. चारातला एक वाचतो. आठ गुंडांनी घेरलं आणि पाच फटके लागले तर साधारण चार गुंड आपण होऊन झोपले, तिची टर्न यायच्या आधीच. हे एकदा बघायला फार भारी वाटतं, खरंच, सगळं टेबल ओरडतं. तिसऱ्यांदा बाकीचे प्लेअर विचारायला लागतात की आम्ही कशाला आलोय. तरी मी मिनियनवर मर्यादा घालत नाही, फक्त ‘एका माणसाकडून राउंडला एकदाच’ एवढं लिहितो, म्हणजे एका टर्नमध्ये अनेक वार करणारा व्हिलन एकाच राउंडात चार पलटवार खात नाही.

चौथं, आणि हे विसरलात तर कधीतरी मध्यरात्री डोकं धरून बसाल: परतफेडीची परतफेड नाही. पडसादसमोर तिच्यासारखाच कोणी उभा राहिला, किंवा तिच्याच टीममधल्या ऑरावाल्याला कोणी तिच्यावर ढकललं, तर पलटवाराने पलटवार सुरू, त्याने परत पहिला सुरू, आणि कोणीतरी गारद होईपर्यंत थांबायचं नाव नाही. एक ओळ लिहून टाका आणि मोकळे व्हा.

मी हे सगळं कार्डावर लिहून घेतो, प्लेअरच्याच शब्दात. पडसादचं मी असं लिहिलं असतं: “कोणी हाताने, पायाने किंवा हातात धरलेल्या वस्तूने मला मारलं आणि फटका लागला, की मारणाऱ्याने रँक ५ डॅमेजला टफनेस रोल करायचा. माझा रोल आधी, त्याचा नंतर. एका माणसाकडून राउंडला एकदा. त्याच फटक्याने मी बेशुद्ध पडले तरी हा शेवटचा नाद जातो, त्यानंतर नाही. दुसऱ्या पलटवाराने हा पलटवार सुरू होत नाही.” पाच वाक्यं. यातलं ‘शेवटचा नाद’ वालं वाक्य मुद्दाम घातलंय, कारण मारणारा आणि मार खाणारी दोघं एकदम कोसळली तर तो सीन लोक वर्षभर सांगतात.

मोठ्या दुखण्याकडे येतो, म्हणजे व्हिलन तिला मारतच नाहीत ते. यात तुमची काहीच चूक नाही असं म्हणता येणार नाही. पलटवाराची पॉवर चालते दोन प्रकारे, एकदा लागून आणि एकदा न लागता. ज्या व्हिलनने हात मागे घेतला त्याच्यावर पॉवर चाललीच आहे, धाक हासुद्धा परिणाम आहे, फक्त तो कोणाला दिसला नाही. जीएम मनातल्या मनात ठरवतो की हा हुशार आहे, हा दुसऱ्याला मारेल, आणि मोठ्याने नुसतं म्हणतो ‘तो डावीकडच्याला मारतो’. प्लेअरला काय कळणार? ते बोलून दाखवा. “त्याची मूठ तुझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबते, मघाशी पडलेल्या साथीदाराकडे तो बघतो, आणि मूठ खाली घेतो.” एवढं म्हटलंत की प्लेअरला तिचे २० पॉइंट वसूल झालेले दिसतात.

आणि व्हिलनला काय माहीत आहे ते प्रामाणिक ठेवा. तुम्हाला पॉवर माहीत आहे, त्याला नाही. पहिला फटका कायम आंधळा असतो. गुंडांना दोनतीन साथीदार पडेपर्यंत काही कळत नाही, रागीट राक्षसाला कळलं तरी फरक पडत नाही, थंड डोक्याचा मात्र एकदा बघून लांब जातो. ज्याने तिचे बातम्यांमधले व्हिडिओ बघून तयारी केलीये असा एखादा असू दे, पण एकच, आणि तो स्पेशल वाटला पाहिजे.

एवढ्यावर भागत नाही. प्लेअरच्या हातात पण काहीतरी पाहिजे ज्याने ती मार ओढून घेऊ शकेल. इथे या गेममध्ये एक रत्न पडलंय आणि लोक त्याच्याकडे बघत नाहीत: इंटरपोज नावाचं अॅडव्हान्टेज (छोटी खास क्षमता), किंमत १ पॉइंट. राउंडला एकदा, तुमच्या नेहमीच्या चालण्याच्या टप्प्यात असलेल्या साथीदाराला फटका लागला की रिअॅक्शन म्हणून तुम्ही मध्ये घुसता आणि तो फटका तुम्हाला लागतो. आता पलटवाराबरोबर ते जोडा. व्हिलन हुशारी करून डावीकडच्याला मारतो, पडसाद मध्ये येते, टण्ण. आता तिला टाळून दुसऱ्याला मारणं हीच व्हिलनसाठी धोक्याची गोष्ट झाली. बटण समोरच्याच्या हातातून निघून तिच्या हातात आलं. शिवाय ती स्वतःच्या टर्नमध्ये काय करते हा प्रश्न मोकळाच राहतो, म्हणजे नुसतं भिंतीसारखं उभं राहायची वेळ येत नाही. मला विचाराल तर पलटवाराची कुठलीही पॉवर इंटरपोज नसताना मी मंजूरच करणार नाही.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. माझ्या जुन्या ग्रुपमध्ये निखारा नावाचा हिरो होता, अंग कायम तापलेलं, हात लावला की चटका, रँक ६. मी पहिल्या दोन फाइटनंतर नकळत सगळे व्हिलन लांबून मारणारे आणायला लागलो. चौथ्या सेशनला त्या मुलाने फासे गोळा करून पिशवीत भरले, फाइट चालू असताना, आणि म्हणाला की माझी टर्न आली की मी पुढे सरकतो एवढं धरून चाल. मला ते फार लागलं. त्याच दिवशी शेवटी निखारा पुलाच्या कठड्यावर बेशुद्ध पडला, पूल कोसळत होता, आणि आम्ही आधीच कॉम्प्लिकेशन (हिरोला नडणारी गोष्ट) म्हणून लिहून ठेवलं होतं की त्याचं अंग बेशुद्धीतही थंड होत नाही. त्याची साथीदार, टफनेस ८, तिला त्याला उचलायचं होतं. डीसी २१, म्हणजे फाशावर १३ पाहिजे. ९ पडला. भाजली, तरी सोडलं नाही. पुढच्या राउंडला परत रोल, तोपर्यंत टफनेसला उणे १, १४ पाहिजे, पडला १४ च. पिशवीत फासे भरून बसलेला तो मुलगा खुर्चीतून उठून उभा होता. त्या दिवशी मला कळलं की ही पॉवर शत्रूपेक्षा मित्रांबरोबर जास्त बोलते. आपल्याला धरणाऱ्याला आपण दुखावतो, यात केवढी गोष्ट आहे. पडसादच्या प्लेअरलाही नक्की विचारा, तिला कोणी मिठी मारली तर काय होतं, पाठीवर थाप मारली तर? कॉम्प्लिकेशन आडवी आली की गेम हिरो पॉइंट (अडचणीत वापरायचं बक्षीस) देतोच, त्यामुळे प्लेअर आनंदाने ओढवून घेते.

आता ‘घुमतो’ हा शब्द. तिने घंटा म्हटलंय, आणि घंटा वाजल्यावर लगेच संपत नाही, नाद रेंगाळतो. मला वाटतं तिला खरं तर साठवून परत करायचं आहे आणि तुम्ही आरसा दिलात. म्हणून रँक ५ च्या ऑरावर अजून एक थर चढवा. डॅमेज रँक १०, बर्स्ट एरिया (चारी बाजूंना सगळ्यांना लागणारा, रँकला १ जास्त), आणि लिमिटेड (रँकला १ कमी): जेवढा नाद साठलाय तेवढ्याच रँकपर्यंत. रँकला १ पॉइंट, एकूण १०. लागलेल्या प्रत्येक फटक्याला नाद ३ ने वाढतो, जास्तीत जास्त १०, आणि तिच्या एका टर्नपासून पुढच्या टर्नपर्यंत एकही फटका लागला नाही तर ३ ने उतरतो. स्वतःच्या टर्नला स्टँडर्ड अॅक्शन वापरून तो सगळा सोडता येतो. एरिया असल्यामुळे अटॅक रोल नाही, पण समोरच्यांना डॉजचा रोल मिळतो, डीसी १० अधिक रँक, जमला तर निम्मा. म्हणजे चपळ व्हिलनवर जो अन्याय ऑरा करत होता तो इथे होत नाही. आणि बर्स्ट साथीदारांनाही लागतो हे विसरू नका, ‘सगळे खाली वाका’ असं ओरडायची संधी तिला मिळू द्या.

यात मला काय आवडतं ते सांगतो. दर राउंडला तिला खरा निर्णय पडतो. नाद ६ वर आहे, आत्ता सोडू का अजून एक फटका खाऊ? खाल्ला तर ९, पण त्या फटक्यात मीच पडले तर? टेबलाच्या मध्ये एक फासा ठेवा आणि नाद त्याच्यावर दाखवा, सगळ्यांना दिसू दे, व्हिलनलाही ऐकू येऊ दे की हिच्या अंगातून गुणगुण वाढत चाललीये. मग तो पण विचारात पडतो आणि तेही तुम्ही मोठ्याने बोलता. हिशोब: ऑरा २०, नाद १०, इंटरपोज १, एकूण ३१. आधीच्या ४० पेक्षा ९ कमी, ते तिला चालण्याबोलण्याच्या स्किलमध्ये घालू द्या.

कागदावर एकदा चालवून बघा, वीस मिनिटं लागतात. लेव्हल १३ चा टफनेस १३ वाला बॉस: ऑराच्या डीसी २० ला त्याला ७ पाहिजे, ७० टक्के वाचतो. अख्ख्या फाइटमध्ये चार फटके लागले तर एखादीच जखम, म्हणजे टोचतंय पण मरत नाहीये, त्याला पाडायला बाकीचे तिघं लागणारच. गुंडांची टोळी तिच्यावर तुटून पडली तर ती चमकणार, चमकू दे. छतावरचा स्नायपर: ऑरा शून्य, पण नाद वाढतो कारण नादाला मी लांबून-जवळून असं काही लिहिलेलं नाही, मुद्दामच, म्हणजे गोळ्या झेलत जिना चढायला तिला कारण मिळतं. मनावर हल्ला करणाऱ्यासमोर मात्र काहीच नाही, तो फटका नाही, नाद नाही, आणि ते भोक बुजवू नका, तिथे तिला साथीदारांची गरज पडते.

कडेच्या केसेस पण आधीच ठरवा. इमारतीवरून पडली तर? पडणं हा कोणाचा फटका नाही, ऑरा नाही, पण नाद वाढू दे, इतकं सुंदर चित्र सोडू नका. ट्रॅपचं काय? मारणारा माणूस नाही, ऑरा नाही. कुस्तीसारखं पकडून ठेवलं तर? पकडताना एकदा, मग पकड टिकवल्याबद्दल दर राउंडला एकदा. रोबोट? त्यालाही टफनेस आहे, लागतं.

ज्या गेममध्ये डॅमेजच मोजत नाहीत तिथे हे आकडे उपयोगी नाहीत. मास्क्स नावाच्या सुपरहिरो गेममध्ये हिरोला हिट पॉइंट नसतात, घाबरलेला, चिडलेला, अपराधी वाटणारा, हताश, असुरक्षित अशा पाच कंडिशन असतात, आणि समोरासमोर भिडलं की दोघांनी एकमेकांना मारणं त्या मूव्हमध्येच (त्या कृतीच्या नियमातच) आलं. तिथे पडसाद कोणाला परत मारत नाही, तिला मारणाऱ्याच्या मनात काय उमटतं एवढं ठरवायचं. तेही इथे थोडं उसनं घेता येईल, गुंडाला परत आलेला नाद नुसता दुखत नाही, तो त्याला त्याच्याच फटक्याच्या आवाजात ऐकू येतो.

प्लेअरशी सेशनच्या आधी बोला, सेशनमध्ये नको. “तुझी पॉवर कमी करतोय” म्हणू नका, कारण ते खरं पण नाही. जुना नियम आणि नवीन कार्ड शेजारी ठेवा आणि इंटरपोजचं आधी सांगा, बाकी नंतर. बाकीच्या तिघांनाही बर्स्टचं सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच वेळी ते मध्ये उभे असतील. आणि त्या सेशनला तुमच्या व्हिलनने पहिला फटका तिच्या शेजारच्याला मारू दे, जोरात, आणि मग थांबा, काही बोलू नका, तिच्याकडे बघा.